उरलेला रंग

पेंटरनं दवाखान्याच्या छपरावर मोठी लाल फुली काढली आणि पुढच्या हवाई हल्ल्यात दवाखान्याच्या काचेलाही तडा गेला नाही. सकाळी अख्खी गल्ली त्याच्या दारात. "मामा, आमच्याही छपरावर एक फुली मारा की."

"बाबा, ती दवाखान्याची खूण आहे, सगळीकडे मारत सुटू नका," त्याची नर्स लेक म्हणाली.

"अगं, उरलेला रंग डब्यात वाळूनच जाणार. कुणाचा जीव वाचला तर बरंच ना?"

नाही म्हणणं त्याला कधी जमलंच नाही. डबा खरवडून त्यानं शेजाऱ्यांची छपरं केली. स्वतःच्या घरापुरता रंग उरला नाही.

पुढच्या हल्ल्यात दवाखाना गेला, ड्युटीवरची लेक गेली, गल्लीही गेली. पाडलेल्या विमानातला वैमानिक जिवंत सापडला. म्हणाला, "एका गल्लीत इतके दवाखाने? आम्हाला वाटलं, खाली दारूगोळा लपवलाय. फुली दिसेल तिथं बॉम्ब टाकले."

गल्लीत एकच घर उभं होतं. ढिगाऱ्यातून वाचलेल्या शेजारणीनं विचारलं, "मामा, तुमचंच बरं सोडलं त्यांनी?"

"सगळ्यांवर मीच फुली मारली," पेंटर म्हणाला. "माझ्यावर मारायची राहिली."