पहिलं कोण बोललं

बांधातून निघालेल्या हाडांमध्ये एक नडगी होती आणि त्या नडगीत सळई होती, म्हणून कोकिळेला आणखी काही दाखवावं लागलं नाही. सीताराम मोटारसायकलवरून पडला तेव्हा अलिबागला त्याच्या पायात ती सळई बसवली होती, आणि नऊ दिवस दवाखान्याच्या बाकड्यावर हीच बसून होती. तिनं फौजदारांना सांगितलं, अनोळखी लिहू नका. नाव लिहा. हा माझा नवरा आहे.

फौजदारांनी विचारलं, बेपत्ता असल्याची तक्रार कधी दिली होती? दिलीच नव्हती. पळून गेलेल्या नवऱ्याची तक्रार कोण देतं? अकरा वर्षांपूर्वी धुळवडीच्या दिवशी सीताराम बाई घेऊन मुंबईला पळाला, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. रेवसच्या धक्क्यावर लाँचमध्ये चढला. बाईची साडी हिरवी होती. हातात लाल बॅग होती. या गावाला समोरचा फुटका नळ वर्षभर दिसत नाही, पण बारा कोसांवरच्या बाईची साडी बरोबर दिसली. कोकिळेनं तेवढं ऐकून घेतलं आणि गळ्यातलं मात्र काढलं नाही. मेला नाहीये, पळालाय, असं ती दात खाऊन सांगायची.

आता तेच गाव पाइपलाइनसाठी बांध फोडून खणलेल्या चरापाशी नाकाला पदर लावून उभं होतं आणि अरेरे म्हणत होतं. सीतारामचा चुलतभाऊ रावजी जेसीबीवाल्याला चहा देत होता. बांधाच्या अलीकडचं शेत सीतारामचं, पलीकडचं रावजीचं.

फौजदार म्हणाले, बाई, चौकशी होईल, तुम्ही घरी जा. कोकिळा हलली नाही. ती घरी गेली असती तर संध्याकाळपर्यंत गावानं नवी गोष्ट रचली असती, दारू पिऊन पडला असेल, कुणाच्या बाईच्या नादात मेला असेल. या माणसांची तोंडं ती ओळखून होती. सगळे समोर उभे आहेत तोवर खरं निघालं तर निघालं, नाहीतर सीताराम मेल्यावरही बदनामच राहणार होता. तिचं डोकं असं फिरलं होतं की डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता.

ती सरळ शिलाईवाल्या भक्तीसमोर जाऊन उभी राहिली. हिरव्या साडीचं तूच मला सांगितलंस. तू पाहिलीस? भक्ती चाचरली. तिनं पाहिली नव्हती, मोरूकाका पारावर बोलत होते ते ऐकलं होतं. हिरवा रंग? तो असाच बोलता बोलता आला असेल.

"असाच आला," कोकिळा म्हणाली. "माझा संसार मोडताना तुला रंग सुचत होते होय ग?"

मग मोरूकाका. सत्तरीचा माणूस, गावात शब्दाला मान. विसर त्या नालायकाला, असं चारचौघांत यानंच तिला बजावलं होतं. आज काठीवर हात ठेवून तो म्हणाला की तो त्या दिवशी रेवसला गेलाच नव्हता. मागं उभी असलेली माणसं एकमेकांकडं बघू लागली. कोणीच गेलं नव्हतं. सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि ऐकलेलं पाहिलं म्हणून सांगितलं होतं. लाज कशी वाटली नाही एकालाही! फौजदारांनी खिशात घातलेलं पेन परत काढलं.

"मग पहिलं कोण बोललं, काका?"

"रावजी," मोरूकाका म्हणाला. "तो म्हणाला, मी सोता बघितला, लाँचमधी चढताना."

रावजीनं किटली खाली ठेवली. तो बोलायच्या आत त्याची बायको रखमा गर्दीतून पुढं घुसली. बत्तीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्यावर कधी शब्द येऊ दिला नव्हता. रावजीचं चुकलेलं असो की नसो, भांडायला आधी ही. ती बातमी रावजीनं आणली होती हे तिला आज पहिल्यांदाच कळत होतं, आणि ते तिला साफ खोटं वाटत होतं.

"ह्यांचं नाव कशाला घेता, काका? हे कवा गेले रेवसला? धुळवडीला सकाळपासून काळोख पडंस्तवर हे इथंच व्हते. हा अख्खा बांध त्या दिवशी ह्यांनी एकट्यानं घातला. चहा मीच आणून दिला."

"एकट्यानं?" फौजदारांनी विचारलं.

"व्हय, एकट्यानं," रखमा तोऱ्यात म्हणाली.

मग तिनं चराकडं पाहिलं. फुटलेल्या बांधाकडं पाहिलं. पदराचा बोळा करून तिनं तोंडात कोंबला, पण बोलायचं ते बोलून झालं होतं. हवालदारानं रावजीचा दंड धरला. रावजीनं सोडवून घेतला नाही, हवालदाराकडं बघितलंही नाही. तो फक्त रखमाकडं बघत राहिला.

त्याला जीपकडं नेलं तेव्हा गाव दोन्हीकडं सरून वाट देत होतं. हाडं गोळा करायची होती, म्हणून फौजदारांनी कोकिळेला जरा लांब व्हायला सांगितलं. ती लांब झाली नाही. बांधाचा जो तुकडा अजून उभा होता त्यावर ती बसली.

"इथंच बसून मी अकरा वर्षं दुपारची भाकर खाल्ली, साहेब," ती म्हणाली. "रोज. ह्याला शिव्या घालत."