मौनीची वही

मौनीची मावशी शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी राहिली, तेव्हा गणिताचे सर मधल्या सुट्टीचा चहा घेत होते. शाळा सोडल्याचा दाखला तिच्या हातात होता.

"तिची वही आहे म्हणे तुमच्याकडे. तेवढी द्या, बाकी काही नको म्हणाली."

मौनी हे नाव सरांनीच ठेवलेलं. पोरगी परमुलखातून आली, थेट नववीत बसली, काही विचारलं की नुसती मान हलवायची. वर्ग खिदळायचा, सरही हसायचे. सहामाहीच्या पेपरात तिच्या मांडीवर ही वही सापडली. सरांनी आत डोकावूनही पाहिलं नाही. पेपर काढून घेतला आणि भोपळा देऊन मोकळे झाले.

"आता काय करणार ती?"

"सोमवारपासून माझ्याबरोबर लाँड्रीत. नापासच व्हायचं तर शाळा कशाला, म्हणते."

सरांनी खण ओढला. खडूच्या डब्याखालून वही काढली आणि देता देता उघडली.

सूत्र एकही नव्हतं. पानोपानी नुसते शब्द, सरांच्याच तोंडचे, आणि प्रत्येकापुढे चित्र. 'लंब'पुढे जमिनीत ताठ रोवलेला खांब. 'समांतर'पुढे कपडे वाळत घालायच्या दोन दोऱ्या. 'किमान'पुढे पोरांची रांग, त्यातल्या सगळ्यात बुटक्याभोवती गोल. खाली तिच्या भाषेतली बारीक अक्षरं. पोरगी प्रश्न वाचता यावा म्हणून वही घेऊन बसली होती. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटच्या पानावर एकच शब्द होता, 'साहजिकच'. त्याच्यापुढे चित्र काढून खोडलेलं, पुन्हा काढून पुन्हा खोडलेलं. खाली वाकड्यातिकड्या मराठीत लिहिलं होतं: 'सर हे म्हणतात. मग कोणी विचारत नाही.'

"तो दाखला इकडे द्या," सर उठलेच. "मी मुख्याध्यापकांशी बोलतो. पेपर पुन्हा घेतो तिचा."

"मी काय सांगू तिला? ऐकायची नाही ती आता."

"चुकलं माझं. तिला म्हणावं..."

मावशीने टेबलावरचं पेन उचललं आणि त्या उघड्या पानावर ठेवलं.

"लिहून द्या, सर. वाचते ती."