घासून काढलेली रेघ

मोठे डॉक्टर फेरीला यायच्या आत आईने आपला पाय लख्ख करून ठेवला. तिची लेक याच वॉर्डात डॉक्टर. ती साहेबांच्या पाठोपाठ येणार, आणि तिच्याच आईचा पाय मळका? छे. आईचं सगळं आयुष्य लाँड्रीत गेलेलं, डाग दिसला की हात शिवशिवायचे. अंगठ्याजवळच्या जखमेवर पट्टी होती आणि भोवतीची कातडी लाल झाली होती. त्या लालीच्या कडेने लेकीने काल पेनाने निळी रेघ मारली होती. कशाला, ते विचारायचं राहूनच गेलं. आईने फडक्याला साबण लावून ती पार घासून काढली. वास येऊ नये म्हणून वर पावडरही थापली.

साहेब आले. "काय मावशी, कसं काय?"

"एकदम ठणठणीत. दुखत तर मुळीच नाही."

त्यांनी पायावर नजर टाकली. "छान. गोळ्याच चालू ठेवू. उद्या बघू."

आईने शेजारच्या खाटेवरच्या बाईकडे असं काही पाहिलं, की बघा, कुणाची आई आहे मी.

लेक मात्र खाली वाकली होती. "रेघ कुठे गेली?"

"ती होय? पुसली मी. किती घाण दिसत होती."

लेकीचा चेहरा खर्रकन उतरला. आणि मग चारचौघांत, साहेबांसमोर, ती म्हणाली, "सर, हिच्या बोलण्यावर जाऊ नका. साखरेने पायातली जाणीवच गेलीय. तापलेली इस्त्री टेकवली तरी दुखत नाही म्हणेल. काल लाली रेघेच्या आत होती. आज किती पसरली, ते कळायची सोयच हिने ठेवली नाही."

आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने चादर हनुवटीपर्यंत ओढली.

लेकीने हाताची मागची बाजू आधी चांगल्या पायाला लावली, मग या पायाला. हात वर वर सरकत घोट्याशी थांबला. "इथपर्यंत गरम आहे." पट्टी सोडून तिने बोटांच्या बेचक्यात दाबलं. पिवळा पू वर आला, आणि पावडरीला न जुमानता वासही.

"उद्यापर्यंत थांबलो तर पाय जाईल, सर. आजच उघडून साफ करायला हवं. आतला तुकडा तपासायला देऊ. जंतू कुठले ते कळेपर्यंत सलाईनमधून औषध, मग त्यांना लागू पडेल ते."

साहेबांनी स्वतः वाकून जखम पाहिली. मग वळून नर्सला म्हणाले, "ऑपरेशनची तयारी करा." आणि लेकीला, "कुणी शिकवलं गं तुला हे?"

"तुम्हीच, सर."

पाय वाचला. अंगठासुद्धा वाचला. ताप उतरून आई उठून बसायला लागली, तशी शेजारच्या बाईने मनातलं बोलून टाकलं. "काही म्हणा, पोटची पोर असून तुमची बाजू नाही घेतली हो तिने. सगळ्यांसमोर पाणउतारा केला."

आईने उशी पाठीशी घेतली आणि ताठ बसली.

"घेतली की," ती म्हणाली. "माझ्या पायाची घेतली. आणि तीही मोठ्या साहेबांसमोर."