कामरगावची चिनी शाळा

पाटी माळ्यावर पोत्यांखाली सापडली. फय्याजने फडक्याने धूळ पुसली तशी अक्षरं वर आली: 'चिनी भाषेची शाळा, कामरगाव'. खाली साल, १९३२.

"हे काहून काढली?" मागून चिनी मास्तरांचा आवाज आला.

"परवा लावाची हाये, मास्तर. दहा वर्सं झाली शाळेले."

चार वर्षांपूर्वी मास्तरांनीच ती रंगवायची म्हणून उतरवली होती. परत काही लावली नव्हती.

"जलसा नको करू, फय्याजभाई. कोनाले बोलावू नको. दिवस चांगले नाईत."

दिवस चांगले नव्हते म्हणून तर जलसा होता. जपान लढाईत उतरल्यापासून सरकार मुलखातले जपानी हुडकून तारेच्या कुंपणाआड नेऊन ठेवत होतं. मागच्या आठवड्यात कागद आला, की कामरगावात राहणारा परदेशी कुठला याची चौकशी करायला शुक्रवारी साहेब येतील. मास्तरांजवळ एकही कागद नव्हता. चिनी ठरले तर राहतील, चीन सरकारच्याच बाजूने लढत होता. नाही ठरले तर त्याच दिवशी जातील.

गावाला त्यात शंका नव्हती. कागदी फुलं विकत, दात बसवत ते आले तेव्हा पोरं 'चिनी, चिनी' करत मागे लागली होती आणि मास्तर कमरेत वाकून नुसते हसले होते. त्यांचं नाव कुणाच्या जिभेवर बसेना. फय्याजचे वालिद हाजी इस्माईल थोरांकडून ऐकत आले होते, की इल्मासाठी, विद्येसाठी, चीनपर्यंत जावं. "इथं तं चीनच चालत आला," असं म्हणून त्यांनी कापडाच्या दुकानामागची खोली देऊन टाकली. तेव्हापासून रोज दिवेलागणीला तिथे पाचसात जण बसत. वालिद गेले, शाळा राहिली.

"साहेबाले माह्यासमोर आन," फय्याजची आई हाजराबी म्हणाली. "दात माहे खोटे हायेत, पन बसवनारा खरा हाये."

"पोरं चिनी बोलतीन, साहेब आपल्या कानानं आयकन," फय्याज म्हणाला. "यापेक्षा मोठा पुरावा कोनता?"

रंगराव माळी हसला. वांग्यांची पाटी डोक्यावर घेऊन तो दहा वर्षं शाळेत येत होता. "साहेबाले काय समजन रे? आपन कोंबड्यावानी आरवलो तरी तो मान हालवन. समजनारा आन कोनी."

ते फय्याजच्या मनात बसलं. दुसऱ्याच दिवशी त्याने मूर्तिजापूरला आगगाडी धरली आणि नागपूर गाठलं. तिथे एक म्हातारा चिनी जोडे शिवत होता. चार वर्षांपूर्वी जपानशी झालेल्या लढाईत घरदार जळाल्यावर तो भावाकडे आला होता. वऱ्हाडातल्या खेड्यात आपल्या भाषेची शाळा आहे, हे त्याला तीनदा सांगावं लागलं. मग त्याने बाहीने डोळे पुसले, हातातला जोडा खाली ठेवला आणि दुकान बंद केलं.

मास्तरांना फय्याजने काही सांगितलं नाही. दोन वर्षांपूर्वी एक चिनी रेशीमवाला गावातून गेला होता. नेमका त्या दिवशी मास्तरांना ताप भरला, दार लावून ते आत पडून होते, आणि फय्याज इंझोरीला कापड घेऊन गेलेला. देशवाल्याची भेट चुकली, ही चुटपुट त्याला लागून होती. या वेळी चुकू द्यायची नव्हती.

शुक्रवारी नमाज झाली आणि दुकानासमोर मांडव भरला. पाटी दारावर लागली. मास्तर कोटाची बटणं लावत बाहेर आले. समोर साहेबाशेजारी जोडेवाला बसलेला पाहून त्यांचा हात बटणावरच थांबला.

"तुमच्या देशाचा मानूस, मास्तर," फय्याज म्हणाला. "मीच आनला."

मास्तरांनी त्याचं मनगट धरलं. "पोरांले घरी पाठव. साहेबाशी मी बोलतो."

"तुमी बसा. आज आमची परीक्षा हाये."

मास्तरांनी त्याचं मनगट सोडलं. "चांगलं बोल मंग," ते म्हणाले, आणि खुर्चीवर ताठ बसले.

रंगरावची लेक पंचफुला उठली. तिने मास्तरांनी शिकवलेलं पुलाचं गाणं म्हटलं, एकदाही न अडखळता. रंगरावने वांग्यांचा सौदा करून दाखवला, अर्धा मांडव हसला. साहेबसुद्धा हसले. शेवटी फय्याज उभा राहिला. उस्तादाचे उपकार मानण्याचे बोल त्याने आठवडाभर घोकले होते. सवयीने मास्तरांचे ओठ त्याच्यासोबत हलत होते.

जोडेवाला आधी कानामागे हात धरून पुढे वाकला होता. आता तो मागे टेकून बसला होता आणि त्याची दोन्ही हातांची बोटं बाकाच्या कडेला रुतली होती. म्हाताऱ्याला घर आठवलं असेल, असं फय्याजला वाटलं.

बोलणं संपलं. टाळ्या पडल्या. हाजराबीने बाजेवरूनच कानशिलावर बोटं मोडून दृष्ट काढली. साहेबांनी कागद मांडीवर घेतला, टोपण काढलं आणि जोडेवाल्याला विचारलं, "क्यों? ठीक बोलते हैं?"

म्हातारा उभा राहिला. तो पोरांकडे पाहत नव्हता, मास्तरांकडे पाहत होता. मास्तरांनी डोळे मिटले.

"बहुत अच्छा बोलते हैं, हुजूर," तो हळूच म्हणाला. "मगर मैं एक लफ्ज नहीं समझा. ये बोली मैंने एक ही बार सुनी. जिन सिपाहियों ने मेरा गाँव जलाया, वो बोलते थे."