बाटलीचा उसासा

कानाचं मशीन बसवून आठवडा झाला, तरी आजीचं पालुपद एकच होतं, "काही म्हणजे काही ऐकू येत नाही. परत करून टाका." मशीन उत्तम आहे, असं डॉक्टर छातीठोकपणे सांगत होता. इकडे ओरडून ओरडून घरच्यांचे घसे बसले.

आज दुपारी आजोबा तळघरातून एक बाटली घेऊन आले. स्वतःच्या मळ्यातल्या द्राक्षांची, स्वतःच्या हाताने केलेली फेसाळती वाइन. शेजारच्या खोलीत आजी दाराकडे पाठ करून विणत बसली होती.

"आमच्या लग्नाच्या सालची. एवढी एकच उरलीय," ते नातीच्या कानात कुजबुजले.

"मग उडवा ना बूच धडाक्यात!" नातही हळूच म्हणाली.

"बार काढतो तो अडाणी. मुरलेल्या हातात बाटली नुसता उसासा टाकते."

त्यांनी बुचावरची तार सोडवली, बूच मुठीत दाबून धरलं आणि बाटली हलकेच फिरवली. फुस्स. खिडकीतल्या मांजराचा कानसुद्धा हलला नाही.

शेजारच्या खोलीत विणायच्या सुया खाली पडल्या.

"अहो! लग्नाच्या बाटलीतला एक घोट जरी माझ्याआधी घेतलात, तर याद राखा!"