तीन नंबरची मशीन

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. इतवारीच्या बाजारात प्रेमिलाताईंचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. चार मशिनी, आणि प्रत्येकीचं चालू-बंद करायचं वेगळं बटण ताईंच्या हाताशी. पंचविशीतला दौलत रोज दुकान उघडताच येऊन तीन नंबरच्या मशिनीला चिकटायचा. एके दिवशी त्याच्या खिशातून पत्र पडलं. ताईंनी उचलून वाचलं. कळमेश्वरच्या कारखान्यात नोकरीची मुलाखत, आजच, दुपारी एक वाजता.

"अन् तू इथं काहून बसून राहिला रे?"

"जातो ना. एवढा डाव होऊ द्या."

तीन डाव झाले तरी तो हलेना. ताईंनी गुपचूप बटण दाबलं. पडदा काळा झाला.

"बिघडली वाटते. आज काही सुरू होत नाही बाप्पा."

दौलत चडफडत निघून गेला. तो पुन्हा फिरकला नाही, तेव्हा ताईंना वाटलं, पोरगं दुखावलं.

दोन महिन्यांनी तो पेढे घेऊन आला. नोकरी लागली होती. ताईंना राहवेना.

"खरं सांगू? मशीन बिघडली नव्हती. मीच बंद केली होती."

"मले तवाच समजलं होतं," पाया पडत दौलत म्हणाला. "माय गेल्यापासून मले 'ऊठ' म्हणणारं कोणी नव्हतं, ताई."