चौथ्या कडव्याचा भाव

“रचना झाली, लय झाली. आता कवितेचा भाव सांग,” सेमिसी म्हणाला.

लुसीया कवितेच्या कागदाशी चाळा करू लागली. आतापर्यंत पोरगी घडाघडा बोलत होती. चार कडवी, प्रत्येक ओळ मधोमध मोडलेली, पहिला तुकडा लांब, दुसरा आखूड. चौथ्या कडव्यात हा क्रम उलटतो, हेसुद्धा तिनं बरोबर हेरलं होतं. ऑकलंडच्या शिष्यवृत्तीसाठी मुलं निवडत सेमिसी टोंगाच्या सगळ्या बेटांवर फिरला होता. इतकी तल्लख पोर त्याला कुठं भेटली नव्हती.

शेजारी टोंगाच्या रिवाजाप्रमाणे कमरेला मानाची चटई गुंडाळून कालो बसली होती. लुसीयाची शिक्षिका आणि सेमिसीची सख्खी बहीण. त्यानं पिशवीतून कविता काढली तेव्हाच ती, “मी जरा बाहेर थांबते,” म्हणत उठली होती. “बस गं, तुझ्या लाडकीची हुशारी बघ की,” म्हणून त्यानंच तिला बसवलं होतं.

“सांग ना. रात्री होडी घेऊन येतो तो कोण? माळ तुटते ती कुणाच्या गळ्यातली?”

लुसीयानं कालोकडे पाहिलं. “मासेमारीची कविता आहे, सर.”

“मासेमारीची? मग ते फूल?”

“फूल म्हणजे फूल.”

सेमिसीला हसू फुटलं. “अगं, आपल्याकडं कवितेतलं फूल कधी नुसतं फूल असतं का? कालो, काय शिकवलंस हिला?”

कालोनं मान वर केली नाही. सेमिसीला बहिणीची कीव आली. ऐन वेळी पोरीनं माती खाल्ली होती. त्यानं पेन उघडलं. “या प्रश्नाला शून्य. शिष्यवृत्ती विसर आता.”

लुसीयाचे डोळे भरले. “मला येतं, सर. बाईंना आधी बाहेर जाऊ द्या, मग सगळं सांगते.”

“का?”

“बाई तुमच्या बहीण आहेत ना.”

सेमिसीचे कान तापले. घरी रेडिओवर प्रेमाचं गाणं लागलं की दोघांतलं एक जण उठायचं. भावाबहिणीनं असलं काही एकत्र ऐकायचं नसतं, हे इथं शेंबड्या पोरालाही कळतं. बहिणीचा मान मोठा, म्हणून उठायचा तो नेहमी सेमिसीच. ऑकलंडला जाऊन हे सगळं तो विसरून बसला होता. शिष्यवृत्तीवर पाणी सोडून ही परकी पोर त्याच्या घरची लाज झाकत होती, आणि तो हसत होता. शरमेनं तो अर्धमेला झाला.

त्यानं पेन कालोपुढं सरकवलं. तिच्याकडं बघायची हिंमत झाली नाही.

“तू बस, कालो,” तो जमिनीकडं बघत म्हणाला. “गुण तू दे. बाहेर मी जातो.”